ती चार सेकंदांची शांतता कापू नका

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात :

पत्र एका शिक्षिकेचं आहे. मातृभाषा वेगळी असलेल्या प्रौढांना त्या गेली अकरा वर्षं मराठी शिकवतात, अलीकडे बहुतेक वर्ग ऑनलाइन. त्या लिहितात : विद्यार्थी वर्गात बरं बोलतात, पण दोन वर्गांच्या मधे त्यांच्या कानावर मराठी पडतच नाही. म्हणून मी फोनवर धडे रेकॉर्ड करून पाठवू लागले. त्यात पंख्याची घरघर येते, मी मधेच अडखळते, खोकते, वाक्य पुन्हा म्हणते. एक विद्यार्थी म्हणाला, ‘नेमकं कुठून ऐकायचं तेच कळत नाही.’ तेव्हापासून ऑडिओ एडिटिंग शिकावं असं मनात आहे. ओळखीच्या एकाने सांगितलं, त्यासाठी साउंड इंजिनिअरिंगचा सहा महिन्यांचा कोर्स करा, चांगला माइक घ्या. मी एक सॉफ्टवेअर उघडून पाहिलं आणि इतकी बटणं बघून बंद केलं. शिवाय माझा आवाज निवेदिकेसारखा नाही, बोलण्यात माहेरच्या भागाचा हेल आहे. मी हे शिकू, कुणाला पैसे देऊन करून घेऊ, की हा नाद सोडून जे येतं तेच नीट करू?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुमच्या विद्यार्थ्याचं आहे. पंख्याबद्दल तो काही बोललेला नाही. तुमच्या हेलाबद्दल, खोकल्याबद्दल, माइकबद्दलही नाही. कुठून ऐकायचं ते कळत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. त्याला ट्रॅकमध्ये वाट सापडत नाहीये. तुम्ही मात्र ते ऐकून आवाज स्वच्छ करण्याच्या मागे लागलात आणि तिथून थेट सहा महिन्यांच्या कोर्सपर्यंत पोचलात.

वाट दाखवणं तुम्हाला येतं. फळ्यावर नवा शब्द कुठे लिहायचा, कशाखाली रेघ मारायची, काय पुसून टाकायचं, खडू खाली ठेवून वर्गाकडे पाहत कधी थांबायचं, हे अकरा वर्षांनंतर तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. भाषा शिकवणाऱ्याचं ऑडिओ एडिटिंग म्हणजे नेमकं हेच, फक्त फळ्याऐवजी आवाजावर केलेलं. काय ऐकवायचं, काय काढायचं, आणि आपण गप्प कधी राहायचं. ज्या बटणांना तुम्ही घाबरलात त्यांतली बहुतेक संगीताचं काम करणाऱ्यांसाठी असतात. त्यांच्याकडे तुम्हाला बघावंही लागणार नाही.

तुमच्या परिचितांचा सल्ला चुकीचा नाही, तो दुसऱ्या कामासाठी आहे. साउंड इंजिनिअरिंगमध्ये वाद्यांचा मेळ बसवणं, सभागृहातली ध्वनियोजना, डझनभर माइकचं नियोजन असं पुष्कळ शिकवतात आणि ते ज्याला हवं त्याने जरूर शिकावं. पण ‘पुनरुच्चारासाठी विद्यार्थ्याला किती वेळ सोडायचा’ हा प्रश्न त्या कोर्समध्ये कुणी विचारणार नाही. तुमचा तर सगळा धडा त्याच प्रश्नावर उभा आहे. म्हणून कोर्स आत्ता नको. पुढे कधी गोडी लागली तर बघता येईल.

आता प्रत्यक्ष काय शिकायचं ते सांगते. उदाहरणासाठी ऑडॅसिटी हे आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर घेते, कारण ते मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि २००० सालापासून जगभरचे लोक ते वापरत असल्यामुळे अडलं तर उत्तर कुठेतरी मिळतंच. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर तेही चालेल, कामं तीच. स्पेसबार दाबला की आवाज सुरू, पुन्हा दाबला की बंद. माउस ओढून तुकडा निवडायचा आणि डिलीट दाबून काढायचा. चुकलं तर कंट्रोल झेड. कंट्रोल १ ने पडद्यावरच्या आवाजाच्या लाटा मोठ्या दिसतात, कंट्रोल ३ ने पुन्हा लहान. जिथे जागा सोडायची तिथे सायलेन्स, म्हणजे कोरी शांतता, टाकायचा, किती सेकंद ते आकड्यात विचारलं जातं. कंट्रोल बी दाबलं की त्या जागी लेबल लागतं. शेवटी एक्सपोर्ट. (मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड.) पहिल्या महिन्यात याच्या पलीकडे काहीही शिकू नका, असा माझा आग्रहच आहे.

दोन खड्डे मात्र आधीच दाखवून ठेवते, कारण बरेच जण तिथेच वैतागून सोडून देतात. पहिला : ‘सेव्ह प्रोजेक्ट’ केल्यावर जी फाईल तयार होते ती फक्त ऑडॅसिटीत उघडते. ती विद्यार्थ्याला पाठवली तर त्याच्या फोनवर काहीच वाजणार नाही. पाठवायची फाईल एक्सपोर्ट करूनच मिळते. दुसरा : फोन बहुधा एम४ए प्रकारात रेकॉर्ड करतो आणि ती फाईल ऑडॅसिटीत उघडायला बऱ्याचदा एफएफएमपेग नावाची वेगळी मोफत जोड लागते. फोनच्या रेकॉर्डरमध्ये वेव्ह हा पर्याय असेल तर तो निवडा म्हणजे प्रश्नच मिटला. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजवर मूळ रेकॉर्डिंग करू नका. तो आवाज जागा वाचवण्यासाठी आधीच दाबलेला असतो, आणि त्यातून जे गेलं ते कोणत्याही एडिटिंगने परत येत नाही.

लेबलांबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तुमच्या विद्यार्थ्याच्या तक्रारीवरचा उपाय तिथे आहे. वीस मिनिटांचा एक सलग ट्रॅक म्हणजे प्रकरणं, पानांचे आकडे काहीही नसलेलं पुस्तक. एकदा सलग रेकॉर्ड करा, मग जिथे जिथे नवा भाग सुरू होतो तिथे लेबल लावून नाव द्या : ‘०१ संवाद’, ‘०२ संवाद सावकाश’, ‘०३ माझ्यामागून म्हणा’, ‘०४ प्रश्नांची उत्तरं द्या’. एक्सपोर्ट करताना लेबलांप्रमाणे वेगवेगळ्या फाईली करण्याचा पर्याय असतो. त्याने एका झटक्यात चार छोट्या, नावं असलेल्या फाईली तयार होतात. नावाच्या आधी आकडा घालायला विसरू नका, नाहीतर फोनवर त्या भलत्याच क्रमाने दिसतात. आणि प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला तुमच्याच आवाजात एक वाक्य असू द्या : ‘आता फक्त ऐका’ किंवा ‘आता माझ्यामागून म्हणा’. एवढं केलंत तरी तुमच्या विद्यार्थ्याची तक्रार संपेल, मागे पंखा तसाच चालू असला तरीसुद्धा.

आता शांततेबद्दल. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर.

बोलण्याच्या कार्यक्रमांचं एडिटिंग करणारे लोक रिकाम्या जागा काढून टाकतात. ऐकणाऱ्याला कंटाळा येऊ नये, बोलणं चटपटीत वाटावं, हा त्यांचा हेतू असतो आणि त्यांच्या कामात तो रास्त आहे. आपल्या कामात नेमका तोच हेतू घातक. विद्यार्थ्याचं तोंड उघडतं ते तुम्ही गप्प बसता तेव्हा. १९६०च्या दशकात भाषाप्रयोगशाळांची, म्हणजे टेप ऐकत भाषेचा सराव करायच्या खोल्यांची, चलती होती तेव्हा टेपवर चार टप्प्यांचा सराव असायचा : आधी प्रश्न किंवा सूचना, मग विद्यार्थ्याने बोलण्यासाठी मोकळी जागा, मग बरोबर उत्तर, मग तेच पुन्हा म्हणण्यासाठी मोकळी जागा. त्या पद्धतीतला घोकंपट्टीचा अतिरेक पुढे मागे पडला, ते बरंच झालं. पण हा चार टप्प्यांचा सांगाडा मला आजही पक्का वाटतो. विद्यार्थी आधी स्वतः प्रयत्न करतो, लगेच बरोबर उत्तर ऐकतो आणि आपली चूक आपणच दुरुस्त करतो. कुणी टोकत नाही, कुणासमोर लाज वाटत नाही.

जागा किती सोडायची? वाक्य नुसतं मागून म्हणायचं असेल तर त्या वाक्याच्या दीडपट. ‘मी उद्या सकाळी लवकर येईन’ हे वाक्य अडीच सेकंदांचं झालं तर मोकळी जागा चार सेकंद. वाक्य बदलून म्हणायचं असेल, म्हणजे ‘मी उद्या येईन’ ऐकून ‘मी काल आले’ असं म्हणायचं असेल, तर तिप्पट सोडा. विद्यार्थ्याला काळ बदलायचाय, क्रियापदाचं रूप शोधायचंय, आपण ‘आलो’ म्हणायचं की ‘आले’ तेही ठरवायचंय. ही मापं मी वर्गात घड्याळ लावून, विद्यार्थ्यांना बोलताना पाहून बसवली आहेत. तुमच्या वर्गाला कमीजास्त लागतील. संगणकापुढे बसल्यावर ती चार सेकंद फार लांब वाटतात, हात आपोआप कापायला जातो. तेव्हा एक करा : त्या जागेत तुम्ही स्वतः ते वाक्य मोठ्याने म्हणून बघा, तेही नवख्या माणसाच्या गतीने. मग चार सेकंद जेमतेम पुरतात हे लक्षात येईल.

शांततेचा दुसरा उपयोग उजळणीसाठी. पॉल पिम्सलर या भाषाशिक्षणतज्ज्ञाने १९६७ साली आठवणीचं एक वेळापत्रक मांडलं होतं. नवा शब्द पहिल्यांदा ऐकवल्यावर ५ सेकंदांनी पुन्हा विचारायचा, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, तासाने, असं अंतर वाढवत न्यायचं. ते आकडे जसेच्या तसे पाळायची गरज नाही. पण शब्द विसरायच्या बेतात असतानाच तो परत विचारायचा, ही कल्पना ऑडिओत फार सहज बसते. पहिल्या मिनिटात शिकवलेला शब्द तिसऱ्या मिनिटाला दुसऱ्या वाक्यात आणि सहाव्या मिनिटाला प्रश्नात आणायचा. वर्गात हे भान ठेवणं अवघड जातं. एडिटिंगमध्ये कॉपी आणि पेस्टने होतं.

आता कापण्याबद्दल एक इशारा, जो सर्वसाधारण एडिटिंग शिकवणारे देत नाहीत. प, त, ट, क म्हणताना तोंड आधी क्षणभर पूर्ण बंद होतं, हवा अडते आणि मग सुटते. ती अडलेली हवा पडद्यावर सपाट रेघ म्हणून दिसते. नवख्याला वाटतं इथे काही नाही, आणि तो ती रेघ छाटतो. ‘पत्ता’ या शब्दात ही रेघ लांब असते. अर्धी छाटली की ‘पता’ ऐकू येतो. ‘पाठ’ या शब्दाच्या शेवटी जो बारीकसा श्वास असतो तो पडद्यावर दिसतोच कुठे? तिथे फाईल कापली की उरतो ‘पाट’. ज्यांना पाठ आणि पाट यांतला फरक शिकवायचा त्यांनाच आपण चुकीचं ऐकवून बसतो. म्हणून कापायचं ते कानाने. लाट संपलेली दिसली तरी पुढे थोडी जागा राखा, कापल्यावर हेडफोन लावून ऐका. सगळ्या रिकाम्या जागा आपोआप काढणारी जी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, तिला भाषेच्या धड्यावर हात लावू देऊ नका. तुमच्या चार सेकंदांच्या जागाही ती खाऊन टाकेल.

वाक्याच्या मधे जोड देण्याचाही मोह टाळा. मराठी वाक्याला चढउतार असतो, पहिला अर्धा भाग एका श्वासातला आणि दुसरा दुसऱ्या श्वासातला असला की सांधा लगेच कळतो. टेप ब्लेडने कापायचे त्या काळात ती तिरकी कापत असत, म्हणजे सांध्यावर टक् असा आवाज न येता एक तुकडा दुसऱ्यात हळूच मिसळायचा. आजची सॉफ्टवेअर तेच क्रॉसफेड म्हणून करतात. पण त्याहून सोपा उपाय तुमच्याच हातात आहे. रेकॉर्ड करताना अडखळलात की थांबा, एक टाळी वाजवा, श्वास घ्या आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणा. टाळीची उंच रेघ पडद्यावर दुरूनच दिसते. नंतर प्रत्येक टाळीपाशी जायचं आणि तिच्याआधीचं बिघडलेलं वाक्य टाळीसकट काढायचं. तुमचं अडखळणं, खोकणं, पुन्हा म्हणणं या सगळ्यावर हा एकच उपाय पुरेसा आहे.

पंख्याचं काय? तो बंद करा. सुचवण्यासारखं याहून चांगलं काही नाही. गाद्या, रजया, कपड्यांचं उघडं कपाट असलेल्या लहान खोलीत बसा, म्हणजे आवाज घुमत नाही. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा, थोडा बाजूला, म्हणजे प आणि भ यांचा फुत्कार थेट माइकवर आदळणार नाही. फोन विमान मोडवर ठेवा. बोलायच्या आधी दहा सेकंद काहीही न बोलता रेकॉर्डिंग चालू राहू द्या. त्या खोलीची स्वतःची एक बारीक गाज असते, ती पुढे मोकळ्या जागा भरायला कामी येते. पडद्यावरची आवाजाच्या पातळीची पट्टी उणे ६ डेसिबलच्या आसपास शिखरं गाठत असेल तर उत्तम. ती शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.

मागची घरघर सॉफ्टवेअरने काढता येते हे खरं. आधी नुसत्या घरघरीचा नमुना निवडून दाखवायचा, मग सगळ्या ट्रॅकवर घरघर काढणारा परिणाम (इफेक्ट) लावायचा. पण इथे मी स्वतः मोठी चूक केली आहे, ती सांगायलाच हवी. सुरुवातीच्या काळात मी तीसएक धडे एका दिवसात ‘स्वच्छ’ केले, परिणाम भरपूर लावला आणि मूळ फाईलींवरच सेव्ह केले. ऐकायला शांत, छान वाटत होते. दोन आठवड्यांनी लक्षात आलं की विद्यार्थी ‘सात’ आणि ‘हात’ यांत गोंधळ करताहेत. स आणि श यांचा आवाज मुळात सळसळीसारखाच असतो, त्यातही ‘स’चा बराचसा जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो. सॉफ्टवेअरला ते घरघरीचे भाऊबंद वाटले आणि त्याने त्यांनाही पुसलं. साध्या टेलिफोनवरून सुमारे ३,४०० हर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही. म्हणून फोनवर नाव सांगताना ‘समईतला स’ असं म्हणावं लागतं. मी माझ्या विद्यार्थ्यांना दोन आठवडे तशाच फोनवरून मराठी शिकवत होते. मूळ रेकॉर्डिंग उरलं नव्हतं, सगळे धडे पुन्हा म्हणावे लागले. तेव्हापासून मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्याशिवाय मी कशालाही हात लावत नाही, आणि थोडी घरघर राहिली तर राहू देते. मूळ फाईल वेव्हमध्ये राखा. एका वाहिनीवर (मोनो), ४४,१०० हर्ट्झला, मिनिटाला साधारण ५ एमबी लागतात. विद्यार्थ्याला पाठवायची फाईल ६४ केबीपीएसची एमपी३ असली तरी बोलण्याला पुरते, ती मिनिटाला अर्ध्या एमबीच्या आतबाहेर बसते.

हळू आवृत्तीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विद्यार्थी विचारतीलच. स्वर न बदलता वेग कमी करण्याची सोय असते. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत ती चालते. त्याहून जास्त ताणलं की शब्द रबरासारखे होतात आणि जोडाक्षरं विरघळतात. त्यापेक्षा वेग नेहमीचाच ठेवून वाक्य अर्थाच्या तुकड्यांत फोडा : ‘मी उद्या सकाळी / तुमच्याकडे / येऊन जाईन.’ प्रत्येक तिरक्या रेघेपाशी एकदीड सेकंद. असं ऐकलेलं मराठी हे खरं बोललं जाणारं मराठी असतं, फक्त ते पचवायला वेळ दिलेला असतो.

आता तुमच्या आवाजाबद्दल आणि हेलाबद्दल. यावर मला थोडं अडून बसायचं आहे.

भाषा शिकवणाऱ्याचा आवाज घोटीव असावा ही समजूत कुठून आली ते मला कळतं. आपण सगळेच बातम्या ऐकत वाढलो. पण तुमच्या विद्यार्थ्यांना ज्यांच्याशी बोलायचंय ते निवेदक नाहीत. १९९१ मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी या संशोधकांनी जपानी मातृभाषेच्या लोकांना इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ कानाने ओळखायला शिकवलं. जपानीत हा भेद नसल्यामुळे त्यांना तो ऐकूच येत नसे. त्यांनी अनेक वेगवेगळ्या व्यक्तींच्या आवाजांतली शब्दांची जोडकी वापरली आणि शिकणाऱ्यांमध्ये सुधारणा झाली. १९९३ मधल्या पुढच्या प्रयोगात फक्त एकाच व्यक्तीचा आवाज वापरलेल्या गटाला नव्या व्यक्तीच्या तोंडून तेच शब्द ओळखणं तितकंसं जमलं नाही. पुढच्या काळात यावर बरीच चर्चा झाली आहे, पण शिक्षिका म्हणून मला त्यातून एक गोष्ट नक्की घ्यावीशी वाटते. एकच सुबक आवाज देण्यापेक्षा चार साधे आवाज दिलेले बरे. त्यातला एक तुमचा, हेलासकट. दुसरा एखाद्या वयस्कर गृहस्थाचा, तिसरा कॉलेजातल्या मुलीचा, चौथा भराभर बोलणाऱ्या कुणाचा. तुमचा हेल लपवायचा असता तर मी स्वतः तुम्हाला एडिटिंग न शिकण्याचा सल्ला दिला असता.

दुसऱ्यांचे आवाज घेताना त्यांना आधी स्पष्ट विचारा, रेकॉर्डिंग कुणाला पाठवणार, कुठे ठेवणार ते सांगा आणि त्यांचा होकार लिहून घ्या. विद्यार्थ्यांच्या आवाजाला तर हे दुप्पट लागू. सुधारणा दाखवण्यासाठी त्यांची जुनी क्लिप इतरांना ऐकवणं हे त्यांनी हो म्हटल्याशिवाय कधीही करू नये. चित्रपटातले संवाद, गाणी, इतरांच्या मुलाखती उचलून आपल्या धड्यात चिकटवू नका. त्यावर त्यांच्या मालकांचा हक्क असतो. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात लोकांनी स्वखुशीने वाचून दिलेली वाक्यं सर्वांसाठी खुली आहेत आणि त्यांत मराठीही आहे. नाना आवाज ऐकवायला ती उपयोगी पडतील. संगणकाने तयार केलेल्या आवाजाचा विचार मनात आला असेल, तर चार आणि चारा यांतले दोन ‘च’ त्याच्याकडून म्हणवून बघा, मग ठरवा. ‘जरा’ म्हणजे थोडंसं (‘जरा थांब’) आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण (‘जरा आणि मृत्यू’) यांतले दोन ‘ज’ही. लिपीत हा भेद दिसत नाही, म्हणून तो कानानेच शिकवावा लागतो. तिथे तुमचं तोंड हवं.

पैसे देऊन करून घेण्याच्या पर्यायावर मी फुली मारत नाही. तुमच्याकडे पाच-सहाच विद्यार्थी असतील आणि आठवड्याचे दोन तासही मोकळे नसतील, तर मदत घेण्यात काही वावगं नाही. मात्र क्रम उलटा करू नका. आधी दोन-तीन ट्रॅक स्वतः करा, म्हणजे काय मागायचं ते तुम्हाला कळेल. मग मदतनिसाला लिहून द्या : टाळ्या आणि त्यांच्याआधीची वाक्यं काढा, आवाजाची पातळी सगळीकडे सारखी करा, घरघर काढू नका आणि मोकळ्या जागांना हात लावू नका. शेवटचं वाक्य ठळक लिहा. मराठी न येणाऱ्या, किंवा येऊनही कधी न शिकवलेल्या माणसाला ती जागा चूकच वाटणार.

आणि ‘नाद सोडून द्यावा’ हा तिसरा पर्याय? विद्यार्थ्यांना घरी ऐकायला दुसरं काही पुरेसं असतं, तर मी तोही मान्य केला असता. पण तुम्हीच लिहिलंय की दोन वर्गांच्या मधे त्यांच्या कानावर मराठी पडत नाही. ज्या घरात मराठी नाही त्या घरात तुमची छोटीशी फाईल हाच मराठीचा शेजार आहे. म्हणून सोडू नका, असं मी मनापासून सांगते. वेळेचा हिशेब आधीच करून ठेवा. पहिल्या सात मिनिटांच्या ट्रॅकला दोन-अडीच तास जातील आणि हे आपलं काम नाही असं वाटेल. मला दहाव्या ट्रॅकपर्यंत पाऊण तास पुरू लागला होता. आठवड्याला एकच ट्रॅक, तोही सात मिनिटांपेक्षा मोठा नको. जुने सगळे धडे नव्याने करायला घेऊ नका.

माइकसाठी थांबू नका, फोन पुरतो. घ्यायचेच असतील तर कान झाकणारे साधे हेडफोन घ्या. खराब माइकवरचं नीट कापलेलं ऐकता येतं. वाईट हेडफोनवर मात्र चूक ऐकूच येत नाही आणि ती तशीच विद्यार्थ्यापर्यंत जाते.

पहिलं काम म्हणून संवाद घेऊ नका, एकाच ध्वनीने वेगळ्या होणाऱ्या शब्दांच्या जोड्या घ्या. पळ–फळ, दार–धार, गट–घट, कल–कळ, बल–बळ, मन–मण, तन–तण, पाट–पाठ. आठ जोड्या पुरे झाल्या. प्रत्येक शब्द दोनदा म्हणा, शब्दांच्या मधे श्वास घेण्याइतकं थांबा. मग एडिटिंगमध्ये तीन फाईली बनवा. पहिलीत जोडी ऐकवायची आणि प्रत्येक शब्दामागे दोन सेकंद सोडायचे. दुसरीत जोडीतला एकच शब्द, क्रम उलटसुलट, आणि मागे चार सेकंद. कोणता शब्द होता ते विद्यार्थ्याने त्या वेळात कागदावर लिहायचं. तिसरीत तेच शब्द कुणा दुसऱ्याच्या आवाजात. या एका कामात निवडणं, कापणं, चिकटवणं, जागा सोडणं, लेबल आणि एक्सपोर्ट हे सगळं हाताखालून जातं. सगळे तुकडे लहान आहेत, बिघडलं तर पाच मिनिटांत पुन्हा करता येतं.

फाईल पाठवून मोकळ्या होऊ नका. पुढच्या ऑनलाइन वर्गात ती सगळ्यांसमोर वाजवा, विद्यार्थ्यांचे माइक बंद ठेवा, कॅमेरे चालू ठेवायला सांगा आणि त्यांच्या तोंडांकडे बघत राहा. ज्या जागेत निम्म्यांचे ओठ अजून हलताहेत आणि तुमचा पुढचा शब्द आला, ती वेळ कागदावर टिपून ठेवा. वर्ग संपल्यावर तिथे कर्सर ठेवा आणि आणखी एक सेकंद घाला.